आकडे चालवायचे की पत्ता?

नगरहून कल्याणच्या रस्त्याला लागलं, की भाळवणी, टाकळी ढोकेश्वर करत पारनेर तालुका मागे पडतो. तिथे अहिल्यानगर जिल्हा संपतो आणि पुणे जिल्ह्यातला जुन्नर तालुका सुरू होतो. त्या हद्दीपलीकडे, नारायणगावजवळच्या खोडदला, शेतांच्या मधोमध जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या आहेत. १४ तबकड्या मधल्या चौकात आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन हातांवर पसरल्या आहेत. दोन टोकांमधलं अंतर २५ किलोमीटरपर्यंत जातं. गोविंद स्वरूप यांची ही कल्पना टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने प्रत्यक्षात आणली. बघणारे तबकड्या बघतात, आणि बघाव्यातच. मला मात्र आज वाचकांना एका चिपच्या पोटात न्यायचं आहे. चिप बनवणाऱ्या प्रत्येकासमोर रोज उभा राहणारा एक प्रश्न तिथे उघड दिसतो: एखादा आकडा क्षणभर सांभाळून ठेवायचा, तर तो रजिस्टरमध्ये ठेवायचा की रॅममध्ये?

प्रश्न किरकोळ वाटतो. खोडदची उदाहरणं घेतली की तो किती खोल आहे ते कळतं.

आकाशातून येणारी रेडिओ लहर सगळ्या तबकड्यांवर एकाच क्षणी पोहोचत नाही. तारा डोक्यावर नसून क्षितिजाकडे कललेला असेल, तर एका टोकाच्या तबकडीला ती आधी सापडते आणि दुसऱ्या टोकाच्या तबकडीला नंतर. अंतर २५ किलोमीटरचं आणि प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. म्हणजे हा फरक जास्तीत जास्त ८३ मायक्रोसेकंदांचा होतो. पापणी लवायला याच्या हजारपट वेळ लागतो. पण दोन तबकड्यांचे संदेश एकमेकांशी जुळवायचे, तर लवकर आलेल्या संदेशाला तेवढा वेळ थोपवून धरावंच लागतं. थोपवलं नाही, तर दोन तबकड्या आकाशाबद्दल वेगवेगळ्या क्षणांच्या गोष्टी सांगत बसतील आणि त्यातून चित्र काही उमटणार नाही.

आता ८३ मायक्रोसेकंद थोपवायचं म्हणजे किती आकडे थोपवायचे? दुर्बिणीचं नूतनीकरण झालं तेव्हा ४०० मेगाहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा एका दमात टिपण्याची सोय झाली. एवढा पट्टा अचूक टिपायला सेकंदाला ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. ८३ मायक्रोसेकंदांत असे ६६ हजारांहून जास्त नमुने येतात. हिशेबापुरता एक नमुना ८ बिटांचा धरला, तर एका तबकडीच्या एका संदेशासाठी ५ लाख ३३ हजार बिट पोटात धरून ठेवायला हवेत. हे काम पुढच्या संगणकांच्या ऐसपैस मेमरीतही करता येतं. आपण ते एका चिपमध्येच करायचं असं धरून चालू, म्हणजे रजिस्टर आणि रॅममधला फरक नीट दिसेल.

खोडदच्या नव्या यंत्रणेत तबकड्यांचे संदेश आकड्यांत बदलून पुढे पाठवण्याचं काम ‘रोच’ नावाचे बोर्ड करतात. त्यांच्यावर झायलिंक्स कंपनीची व्हर्टेक्स-५ घराण्यातली एफपीजीए चिप असते. एफपीजीए म्हणजे कारखान्यातून बाहेर पडल्यावरही आतली जोडणी बदलता येते अशी चिप. या चिपमध्ये ५८,८८० फ्लिपफ्लॉप आहेत. एका फ्लिपफ्लॉपमध्ये एक बिट मावतो, आणि असे काही फ्लिपफ्लॉप शेजारी शेजारी ठेवले की रजिस्टर होतं. शिवाय चिपवर ब्लॉक रॅमचे २४४ ठोकळे आहेत, प्रत्येकात ३६ किलोबिट. सगळे मिळून सुमारे ९० लाख बिट. म्हणजे त्याच सिलिकॉनच्या तुकड्यावर रजिस्टरमध्ये मावतं त्याच्या दीडशेपट रॅममध्ये मावतं!

इतका फरक का पडावा? रॅममधला एक बिट सांभाळायला सहा ट्रान्झिस्टर पुरतात. दोन उलटक एकमेकांना धरून बसलेले असतात आणि त्यांच्यापर्यंत जायला दोन दारं असतात. फ्लिपफ्लॉपला वीसेक ट्रान्झिस्टर लागतात, कारण त्याने घड्याळाच्या ठोक्याला नेमका आत येणारा बिट पकडायचा असतो आणि पुढच्या ठोक्यापर्यंत बाहेर दाखवत राहायचं असतं. पण खरा खर्च ट्रान्झिस्टरांचा नाही, तारांचा आहे. प्रत्येक फ्लिपफ्लॉपला आत येणारी स्वतःची तार आणि बाहेर जाणारी स्वतःची तार लागते. रॅममध्ये एका उभ्या स्तंभातले शेकडो बिट एकच तारजोडी वाटून घेतात. पत्ता दिला की एक आडवी ओळ जागी होते. तिचे बिट त्या सामाईक तारांवर अगदी क्षीण फरक उमटवतात, आणि खाली बसलेले संवेदक तो फरक ओळखून मोठा करतात. बाकीच्या ओळी झोपलेल्या असतात.

आपला विलंब आधी रजिस्टरांनी करून बघू. नमुने एका रांगेत उभे करायचे आणि दर ठोक्याला सगळ्यांनी एक पाऊल पुढे सरकायचं. ८३ मायक्रोसेकंदांनी पहिला नमुना रांगेच्या टोकातून बाहेर पडेल. कल्पना सुंदर आहे आणि नवशिक्यालाही लगेच पटते. पण ५ लाख ३३ हजार बिटांना तितकेच फ्लिपफ्लॉप लागतात, म्हणजे अशा नऊ चिपा एका संदेशाच्या एका विलंबावर उधळायच्या. शिवाय चिपचं घड्याळ सेकंदाला २० कोटी ठोके देतं, आणि दर ठोक्याला लाखो बिट जागा बदलतात. कुणी काही गणित करत नाहीये, कुणी कुणाला भेटत नाहीये, सगळे नुसते चालताहेत. वीज मात्र जळते आहे.

रॅमने करायचं तर रांग मोडून टाकायची. नमुना आला की त्याला एका पत्त्यावर बसवायचं, पुढच्याला पुढच्या पत्त्यावर, आणि शेवटचा पत्ता आला की पुन्हा पहिल्यापासून. दुसरीकडे वाचणारा पत्ता लिहिणाऱ्या पत्त्याच्या मागे ठरावीक अंतर राखून फिरत राहतो. बस्स, झाला विलंब. घड्याळाच्या एका ठोक्यात चार नमुने येतात, म्हणून पत्ते लागतात साडेसोळा हजारांच्या आसपास आणि ब्लॉक रॅमचे ठोकळे लागतात १७. चिपवर आहेत २४४.

मला यातली गंमत जागेच्या बचतीपेक्षा जास्त दुसऱ्याच गोष्टीत वाटते. इथे एकही नमुना जागचा हलत नाही. जिथे बसवला तिथेच तो ८३ मायक्रोसेकंद बसून राहतो. चालतो तो पत्ता, आणि पत्ता म्हणजे पंधरा बिटांची छोटीशी मोजणी. लाखो बिटांना चालवण्याऐवजी पंधरा बिट चालवले, तरी बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही यंत्रं हुबेहूब सारखी दिसतात.

याचा दुसरा फायदा तर थेट पृथ्वीच्या फिरण्याशी जोडलेला आहे. पृथ्वी फिरते, तारा सरकतो, आणि दोन तबकड्यांमधला विलंब सतत बदलत राहतो. २५ किलोमीटरच्या अंतरावर हा बदल जास्तीत जास्त सेकंदाला १.८ मीटर प्रकाशमार्गाइतका होतो. आपला एक नमुना म्हणजे प्रकाशाची ३७ सेंटीमीटरची वाट. म्हणजे सेकंदाला जवळजवळ पाच वेळा विलंब एकेका नमुन्याने बदलावा लागतो. रजिस्टरांच्या रांगेत हे करायचं, तर रांगेच्या मध्येच कुठूनही बाहेर काढणारी दारं हवीत, आणि हजारो दारांतून एक निवडणारी जोडणी हवी. रॅममध्ये दोन पत्त्यांमधल्या अंतरात एक मिळवला किंवा वजा केला, की विलंब चार नमुन्यांनी बदलतो, आणि मधले एक-दोन-तीन नमुने साधायला ठोक्याच्या चार नमुन्यांतून निवडणारी छोटीशी जोडणी पुरते. पृथ्वीचं फिरणं एका वजाबाकीत मावतं! (एका नमुन्याहून बारीक उरलेला फरक पुढे लहरींच्या कलेत दुरुस्त करतात, तो वेगळा विषय.)

इतकं सगळं रॅमच्या बाजूने असताना रजिस्टर हवंच कशाला, असं कुणालाही वाटेल. त्याचं उत्तर आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला समजावून सांगायची गरज नाही. गळीत हंगामात प्रवरानगरच्या कारखान्यावर उसाची वाहनं रांगेत उभी असतात. यार्डात जागा भरपूर असते, पण सगळ्यांना काट्यावरूनच जायचं असतं आणि काट्यावर एका वेळी एकच गाडी चढते. रॅमचंही असंच आहे. पोटात ३६ हजार बिट मावतात, पण एका ठोक्याला एकाच पत्त्यावरचा माल बाहेर येतो. या चिपमधल्या ठोकळ्याला दोन दारं आहेत, म्हणजे फार तर दोन पत्ते. त्यातही आज पत्ता विचारला, तर माल पुढच्या ठोक्याला मिळतो. रजिस्टरांत प्रत्येकाचा काटा वेगळा असतो. हजार रजिस्टरं असतील, तर हजारच्या हजार आकडे त्याच क्षणी, विचारण्याआधीच, समोर हजर असतात.

दुर्बिणीच्या यंत्रणेत याची गरज जागोजागी पडते. गाळणीचं गणित घ्या. आताचा नमुना आणि त्याआधीचे काही नमुने यांना वेगवेगळ्या ठरावीक संख्यांनी गुणायचं आणि सगळं एका ठोक्यात बेरजेला लावायचं. सोळा गुणाकार एकदम व्हायचे, तर सोळा नमुने एकदम हातात हवेत. इथे रॅम पुढे केली, तर सोळातले चौदा गुणक हात बांधून बसतील. म्हणून गुणकांच्या तोंडाशी नेहमी रजिस्टरच असतं. लांबचा माल रॅममधून येतो, शेवटचं पाऊल रजिस्टर टाकतं. चांगल्या आराखड्यात ही जोडी इतकी मिसळलेली असते, की ‘हे की ते’ असा प्रश्न राहतच नाही. कुठल्या रेषेवर एकाने थांबायचं आणि दुसऱ्याने सुरू व्हायचं, एवढंच ठरवायचं असतं.

ही रेष कुठे ओढायची हे सगळ्यात अवघड होतं ते विजेच्या ठिणग्यांच्या बाबतीत. खोडदच्या आजूबाजूला गावं आहेत, शेती आहे, विहिरींवर मोटारी आहेत, आणि त्यांना वीज पुरवणाऱ्या उच्च दाबाच्या वाहिन्या आहेत. वाहिनीवर कुठे ठिणगी पडली, की तिचा आवाज दुर्बिणीला ताऱ्यापेक्षा कितीतरी पटीने मोठा ऐकू येतो. हे तडतडणारे नमुने आकडे हाती येताच गाळण्याची सोय खोडदच्या मंडळींनी एफपीजीएवरच केली. युक्ती जुन्या संख्याशास्त्रातली आहे. नमुन्यांची सरासरी ठिणगीमुळे लगेच ढळते. मध्यक, म्हणजे सगळे नमुने चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधे येणारा आकडा, सहसा ढळत नाही. मध्यकापासून नमुने साधारण किती लांब जातात त्याचाही मध्यक काढायचा आणि त्याच्या काही पट बाहेर गेलेला नमुना ठिणगी समजून काढून टाकायचा.

पण हजारो नमुने चढत्या क्रमाने लावायला सवड कुणाला आहे? एक सोपी वाट अशी, की ८ बिटांच्या नमुन्याच्या किमती २५६च असतात. प्रत्येक किमतीसाठी एक मोजणी ठेवायची. नमुना आला की त्याच्या किमतीची मोजणी एकने वाढवायची, आणि सोळा हजार नमुने झाले की खालपासून मोजण्या मिळवत जायचं. निम्मे जिथे भरतील तो मध्यक. लागतात किती बिट? २५६ मोजण्या, प्रत्येकी १५ बिट, म्हणजे चार हजारांच्या आतच. एका ब्लॉक रॅमच्या कोपऱ्यात मावतात. रजिस्टरांत ठेवल्या, तर एकाच संदेशासाठी चिपवरच्या फ्लिपफ्लॉपांचा पंधरावा-सोळावा हिस्सा जातो. त्यावर २५६ मधून हवी ती मोजणी उचलायची जोडणी वेगळी: एका बिटामागे साठाहून जास्त लुकअप टेबलं (चिपमधलं तर्काचं काम करणारे छोटे तक्ते), आणि ते पंधरा वेळा.

म्हणजे रॅमच बरी? थांबा. मोजणी वाढवायची म्हणजे आधी ती वाचायची, एक मिळवायचा आणि परत लिहायची. एक दार वाचण्यात गेलं, दुसरं लिहिण्यात. ठोक्याला चार नमुने येताहेत, म्हणजे चार वेगळ्या मोजणीवह्या हव्यात. शिवाय वाचन आणि लेखन यांच्यात एक ठोका जातो. तेवढ्यात तीच किंमत पुन्हा आली, तर ती जुनीच मोजणी वाचेल आणि एक नमुना हिशेबातून गळेल.

हा दोष दिसतो तेवढा निरुपद्रवी नाही. आकाशाचा आवाज शून्याच्या आसपास दाट आणि लांब विरळ असतो. म्हणजे लागोपाठ तीच किंमत येण्याचा प्रसंग मधल्या मोजण्यांवरच वरचेवर येतो आणि तिथलेच नमुने जास्त गळतात. मधला उंचवटा खोटाच सपाट होतो, आवाज आहे त्यापेक्षा जास्त पसरलेला वाटतो, गाळणीचं भोक मोठं होतं, आणि बारीक ठिणग्या सुखरूप पलीकडे जातात. कुठेही काही बिघडल्याचं दिसत नाही, हिशेब फक्त किंचित खोटा होतो. असले दोष मला सगळ्यात भयंकर वाटतात. त्यावरचा उपाय मात्र छोटा आहे. नुकतीच लिहिलेली किंमत आणि तिची मोजणी एका रजिस्टरमध्ये धरून ठेवायची. तीच किंमत परत आली, तर रॅमकडे न जाता तिथूनच घ्यायची. दर वहीमागे चार हजार बिट रॅममध्ये आणि त्यांचा खरेपणा राखायला पंचवीसेक बिट रजिस्टरमध्ये.

राहिलं पुसणं. रजिस्टरांच्या सगळ्या मोजण्या एका ठोक्यात शून्य होतात. रॅममध्ये ‘सगळं पूस’ अशी तारच नसते, २५६ पत्त्यांवर एकेक शून्य लिहावं लागतं. म्हणून प्रत्येक वहीच्या जागी दोन वह्या ठेवतात. एकीत मोजणी चालू असताना दुसरी वाचून, पुसून तयार होते. सोळा हजार नमुन्यांना चार हजारांवर ठोके लागतात, त्यामुळे २५६ ठोक्यांच्या पुसण्याला सवड भरपूर.

रजिस्टर आणि ब्लॉक रॅम यांच्या मध्येही एक मुक्काम आहे. एफपीजीएमधलं तर्काचं काम छोटी लुकअप टेबलं करतात, आणि लुकअप टेबल ही मुळात चिमुकली मेमरीच, व्हर्टेक्स-५मध्ये ६४ बिटांची. झायलिंक्सने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच आपल्या एक्ससी४००० या चिपघराण्यात अशी मेमरी रॅम म्हणून वापरायची मुभा दिली. ती ठोक्याची वाट न बघता लगेच उत्तर देते. प्रोसेसरमधली ३२ रजिस्टरं एफपीजीएवर बहुधा अशाच टेबलांत बसवतात. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ किंवा सी-डॅकचा ‘वेगा’ ज्या रिस्क-फाइव्ह पद्धतीचे आहेत, तिच्यात एका आज्ञेला दोन रजिस्टरं एकदम वाचावी लागतात आणि टेबलाला वाचायचं दार मात्र एकच. मग काय करतात? सगळ्या रजिस्टरांच्या दोन प्रती ठेवतात, लिहिताना दोन्हींत लिहितात आणि वाचताना एक यातून, एक त्यातून. जागा दुप्पट गेली, कुणाला खंत नाही.

स्वतंत्र चिप घडवणाऱ्यांचा हिशेब थोडा वेगळा असतो. त्यांच्या रॅमला पत्ता उकलणारी जोडणी आणि संवेदक यांचा ठरावीक खर्च येतोच, मेमरी कितीही लहान असली तरी. त्यामुळे काहीशे बिटांसाठी फ्लिपफ्लॉप स्वस्त, आणि हजारोंच्या घरात गेलं की रॅम. एफपीजीएच्या बाजूला, रोच बोर्डांची साधनं बनवणाऱ्या कॅस्पर या खगोलशास्त्रीय गटाने तर ही निवड एका चौकटीतल्या आकड्यावर आणून ठेवली आहे. त्यांच्या फूरिये रूपांतराच्या, म्हणजे संदेशातल्या वारंवारता वेगळ्या करणाऱ्या, ठोकळ्यात एक मर्यादा भरायची असते. विलंबाचे बिट तिच्यापलीकडे गेले, की तो आपोआप ब्लॉक रॅममध्ये जातो.

विद्यार्थ्यांसाठी शेवटी एक कामाची गोष्ट. लोणी, संगमनेर, कोपरगाव इथल्या महाविद्यालयांत इलेक्ट्रॉनिक्सची मुलं एफपीजीएच्या पाट्या हाताळतात. हजार शब्दांची मेमरी लिहून झाल्यावर साधनाने दिलेला जागावापराचा अहवाल उघडा. ब्लॉक रॅमच्या रकान्यात शून्य आणि फ्लिपफ्लॉपच्या रकान्यात हजारो दिसले, तर चिपला दोष देऊ नका. बहुतेक वेळा कोडमध्ये रिसेटच्या वेळी सगळी मेमरी शून्य करणारी एक ओळ असते. ब्लॉक रॅमला ते जमत नाही, म्हणून साधन निमूटपणे सगळी मेमरी फ्लिपफ्लॉपांत बांधतं. ती ओळ काढा, वाचन घड्याळाच्या ठोक्याला बांधा, आणि अहवाल पुन्हा काढून बघा.